रिकाम्या यंत्रात सगळं ठीक असतं

मित्रांनो, तुमची नजर माझ्यावरून अनेकदा गेली असेल, पण थांबली नसेल. दुकानात, कारखान्यात, दवाखान्याच्या जिन्याखाली भिंतीवर एक पांढरट डबा असतो. त्याला दोन काळी शिंगं असतात आणि पोटाशी एक दिवा लुकलुकत असतो. त्यातलाच मी एक जुना डबा आहे. माझं खरं नाव गेटवे. पण मी जिथे राहतो तिथे सगळे मला डबाच म्हणतात.

माझं काम सांगायला सोपं आहे. छोटे छोटे सेन्सर ठिकठिकाणी बसून तापमान मोजतात आणि ते रेडिओलहरींवरून मला सांगतात. त्यांची बॅटरी नखाएवढी, त्यामुळे आवाजही बारीक. तो फार लांब जात नाही. मी तो ऐकतो, इंटरनेटवरून पुढे पाठवतो आणि मग तो आकडा माणसांच्या फोनवर दिसतो. म्हणजे मी एक निरोप्या. ज्यानं जे सांगितलं ते जसंच्या तसं पोचवायचं, पदरचं काही घालायचं नाही, असाच मी घडवला गेलो. ज्या लांब टेबलावर माझे भाग जोडले, तिथे शेवटी बसलेल्या मुलीनं मला चालू केलं, एक आकडा माझ्याकडे पाठवला आणि पलीकडे तोच आकडा निघाला की नाही ते पाहिलं. निघाला. तिनं माझ्या पाठीवर हिरवी चिकटपट्टी लावली. एवढीच माझी परीक्षा होती.

तिथून मी एका हॅचरीत आलो. हॅचरी म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढण्याचं ठिकाण. कोंबडीऐवजी इथे कपाटाएवढी यंत्रं अंड्यांवर बसतात. अंडी अठरा दिवस मोठ्या यंत्रांत राहतात, आणि शेवटचे तीन दिवस एका वेगळ्या यंत्रात जातात. त्याला सगळे शेवटचं यंत्र म्हणतात. त्या तीन दिवसांत त्याचं दार अजिबात उघडायचं नाही, असा नियम आहे. दार उघडलं की आतली दमट हवा निघून जाते, कवचाखालचा पापुद्रा सुकतो आणि बाहेर येऊ पाहणारं पिल्लू त्यात चिकटून बसतं. म्हणून त्या तीन दिवसांत आत काय चाललंय हे फक्त सेन्सर सांगतो आणि तो फक्त मला सांगतो. आकडा साडेसदतीसच्या आसपास हवा. फार वर गेला की मी भोंगा वाजवायचा.

हॅचरी एका मालकीणबाईंची होती. मला विकत आणलं त्यांच्या जावयांनी. त्यांनी संगणकाचं काहीतरी शिक्षण घेतलं होतं, त्यामुळे ज्या वस्तूला वायर असेल ती त्यांच्या ताब्यात. त्यांनी मला ऑफिसातल्या भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी ठोकलं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं. यंत्रांची काळजी एक मावशी घ्यायच्या. त्या हॅचरीच्या मागच्या खोलीत सासूबरोबर राहायच्या. ती खोली नोकरीबरोबर मिळालेली होती. मावशींचे स्वतःचे केस पांढरे झाले होते आणि सासू हयात होती, यावर त्या स्वतःच विनोद करायच्या.

"घरी सासू, इथे हा डबा," त्या म्हणायच्या. "दोघांकडेही सारखं लक्ष द्यावं लागतं. दोघंही कशावर रुसतील सांगता येत नाही."

पहिल्यांदा मी खरंच बिघडलो तेव्हा माझं दुखणं लवकर सापडलं. एकदा वीज बराच वेळ गेली होती. माझ्या आतली घड्याळाची छोटी बॅटरी संपली होती, त्यामुळे वीज आल्यावर मी जागा झालो तो काही वर्षं मागच्या तारखेला. मी ज्याच्याकडे आकडे पाठवतो त्या इंटरनेटपलीकडच्या संगणकानं माझी तारीख पाहिली आणि मला दारातच अडवलं. माझ्या कंपनीतून एक तंत्रज्ञ आला. शांत माणूस होता. त्यानं माझ्या नोंदी वाचल्या, तारीख पाहिली, बॅटरी बदलली आणि चहा पिऊन गेला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं ते त्याला काम येत नव्हतं म्हणून झालं नाही.

दुसरं दुखणं वेगळं होतं. शेवटच्या यंत्रात अंडी भरली की तिथल्या सेन्सरचा आवाज तुटायला लागायचा. एक आकडा यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एखादा. ठरावीक वेळ सेन्सर बोलला नाही तर मी तो हरवला असं धरतो, दिवा लाल करतो आणि भोंगा वाजवतो. मला तसंच शिकवलंय. जावई मग फोन लावायचे.

"डबा परत लाल झालाय," ते म्हणायचे.

"सर, एकदा बंद करून चालू करून बघितलं का?" पलीकडून मदत केंद्राची बाई विचारायची.

"बघितलं."

"परत एकदा बघता का? या वेळी अर्धा मिनिट थांबा."

जावई माझा प्लग ओढायचे. खरं सांगायचं तर ते कधीच अर्धा मिनिट थांबले नाहीत. प्लग परत लावला की माझा दिवा हिरवा व्हायचा, कारण नव्यानं सुरू झाल्यावर कोण बोलतंय आणि कोण हरवलंय हे ठरवायला मला थोडा वेळ लागतो. तो हिरवा दिवा बघून जावई फोन ठेवायचे. थोड्या वेळानं मी पुन्हा लाल. मग ते माझ्या डोक्यावर चापट मारायचे. त्यांनी माझा पासवर्ड बदलला, माझी रेडिओची वाहिनी बदलली, नवं सॉफ्टवेअर घालताना मध्येच प्लग ओढून मला जवळजवळ मारून टाकलं. माझ्या शिंगांना चंदेरी कागद गुंडाळून पाहिला. त्यानं मला आणखी कमी ऐकू यायला लागलं.

शेवटी तंत्रज्ञाला बोलावलं. पण त्या हॅचरीचा आणखी एक नियम होता. यंत्रांत अंडी असताना बाहेरच्या माणसाला आत सोडायचं नाही, कारण बुटांवरून, कपड्यांवरून रोग आत येतो. नियम चांगला होता. त्यामुळे तंत्रज्ञाला नेहमी धुण्याच्या दिवशी बोलवायचे. पिल्लं निघून गेलेली, यंत्र रिकामं, दारं सताड उघडी, फरशीवर फिनेल. तो लॅपटॉप उघडून बसायचा आणि सेन्सरचा आवाज माझ्याकडे खणखणीत यायचा. त्यानं दार लावून पाहिलं, उघडून पाहिलं, पंखा चालू करून पाहिला.

"आत्ता तर छान येतोय," तो म्हणाला.

"मग आमच्याच वेळी काय होतं याला?" मालकीणबाईंनी विचारलं.

"दवाखान्यात पोचलं की दुखायचं थांबतं ना, तसलं काहीतरी."

सगळे हसले. मावशी फरशी पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही अंडी असताना या की एकदा."

"मला आत सोडाल?"

"मी? बाई मलाच बाहेर काढतील."

पुन्हा सगळे हसले. तंत्रज्ञानं कागदावर 'सर्व ठीक' लिहून सही केली. पुढच्या खेपेलाही तो धुण्याच्या दिवशीच आला आणि तेच लिहून गेला. त्यापुढच्या खेपेलाही.

मित्रांनो, कोडं फार अवघड नव्हतं. अंड्यात बहुतेक पाणीच असतं. मी ज्या लहरींवर ऐकतो त्या लहरी पाणी पिऊन टाकतं. ट्रेवर ट्रे रचले की सेन्सर आणि माझ्यामध्ये पाण्याची एक जाड भिंत उभी राहायची, वर ऑफिसपर्यंतचं अंतर. मावशी ट्रे सरकवत जायच्या तसतसा सेन्सरचा आवाज खाली जायचा, आणि तो किती खाली गेला हे माझ्या एका पानावर दिसत राहायचं. त्या पानाचा अर्थ मला कळत नव्हता, मी फक्त आकडे ठेवतो. ते पान कुणी भरल्या यंत्राच्या वेळी उघडलं नाही.

मग मोठ्या मागणीचा हंगाम आला. शेवटचं यंत्र काठोकाठ भरलं आणि माझा भोंगा थांबेना. मालकीणबाई ऑफिसात आल्या तेव्हा तिथे दोन गिऱ्हाईकं बसली होती, मावशीही उभ्या होत्या.

"जावईबापू," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "डबा तुम्ही आणलात. आता एक तर तो ओरडेल, नाहीतर मी ओरडेन."

जावयांचे कान लाल झाले. गिऱ्हाईकं गेल्यावर त्यांनी माझ्या सेटिंगची पानं एकेक करून उघडली. एका पानावर एक चौकोन होता. त्यापुढे लिहिलं होतं: आकडा आला नाही तर शेवटचा आकडा दाखवत राहावा. त्यांनी तिथे खूण केली आणि तेवढ्यात मदत केंद्राचा फोन लागला म्हणून विचारून घेतलं.

"सर, तो पर्याय फक्त डबा बसवताना चाचणीपुरता असतो," ती बाई म्हणाली. "काम झालं की आठवणीनं काढा."

"हो, हो," जावई म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या दिवसापासून मी आदर्श डबा झालो. सेन्सर बोलला नाही तरी मी त्याचं मागचं बोलणं पुन्हा पुन्हा पाठवत राहिलो. दिवा हिरवा. भोंगा गप्प. हंगामाच्या पहिल्या खेपा नीट पार पडल्या, कारण यंत्र नीट चाललं होतं. श्रेय मला मिळालं. मालकीणबाई आल्यागेल्याला फोन दाखवायच्या, "बघा, घरबसल्या." मावशी रोज सकाळी माझ्यावरून कोरडं फडकं फिरवायच्या आणि म्हणायच्या, "शहाणा झालास रे बाबा."

मग ती खेप आली. अंडी शेवटच्या यंत्रात गेली, दार लागलं. सेन्सरनं एकदा साडेसदतीस सांगितलं आणि या वेळी पाण्याच्या भिंतीमागे तो पूर्णच हरवला. मी साडेसदतीस पाठवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी ऑफिसात आल्या. जावई फोनवर काहीतरी बघत होते.

"शेवटच्या यंत्राचं दार जरा गरम लागतंय."

"पिल्लांची ऊब असते मावशी. शेवटचे दिवस आहेत."

"असते, पण आज जास्त वाटली. बघू का उघडून? एवढंसं?"

जावयांनी फोन त्यांच्यापुढे धरला. "काय लिहिलंय?"

"साडेसदतीस."

"रंग कोणता?"

"हिरवा."

"मग तुमचा हात खरा का हा आकडा?"

मावशी हसल्या. "हाताचं काय घेऊन बसलात. सकाळपासून गरम पाण्यात आहे तो."

"आणि एक सांगून ठेवतो. दार उघडलंत आणि काही झालं, तर आईंना उत्तर तुम्ही द्यायचं."

"नाही उघडत हो."

जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या. "तू म्हणतोस तर तसंच असेल," त्या म्हणाल्या. त्या खरंच निश्चिंत झाल्या होत्या. मी साडेसदतीस पाठवलं.

पिल्लं कवच फोडण्याआधी आतूनच चिवचिवतात. बंद दाराला कान लावला की बारीक कलकल ऐकू येते. तिसऱ्या दिवशी मावशींनी कान लावला आणि बराच वेळ लावून ठेवला.

"आवाज नाही येत," त्या म्हणाल्या.

"थोडी उशिरानं निघतील," जावई म्हणाले. "आकडा बरोबर आहे ना?"

आकडा बरोबर होता.

ठरल्या वेळी मालकीणबाईंसमोर दार उघडलं. आतली हवा नेहमीसारखीच होती. ट्रे बाहेर आले ते अंड्यांनी भरलेलेच. काही अंड्यांना एकेक छोटं भोक होतं आणि त्या भोकात चोचीचं टोक तसंच राहिलं होतं. मालकीणबाईंनी एक अंडं टेबलाच्या कडेवर फोडलं. आत पूर्ण झालेलं पिल्लू होतं, पिसांसकट, मान पंखाखाली. त्यांनी दुसरं फोडलं. तिसरं फोडलं. मग हात पुसले. अगदी थोडी पिल्लं जिवंत होती, पण त्यांचे पाय धरत नव्हते. त्यांना कुणी विकत घेतलं नसतं. ती फोडलेल्या अंड्यांबरोबरच पिंपात गेली आणि वर झाकण बसलं. झाकणाखालून थोडा वेळ आवाज येत होता. त्या खेपेत ऐकू आलेला तेवढाच.

"उष्णतेचा प्रश्नच नाही," जावई म्हणाले. त्यांनी फोनवरचा आलेख दाखवला. "सरळ रेघ आहे, आई. जरा म्हणून हललेली नाही."

मित्रांनो, चालू यंत्राचं तापमान सरळ रेघेत कधीच राहत नाही. हीटर लागतो, बंद होतो, आकडा थोडा वर जातो, थोडा खाली येतो. इतकी सरळ रेघ फक्त न मोजलेल्या गोष्टीची येते. पण त्या दिवशी सगळ्यांना सरळपणा आवडला.

"उष्णता नाही म्हणजे दमटपणा," जावई पुढे म्हणाले. "दमटपणा म्हणजे दार."

सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं.

"मी नाही उघडलं, बाई."

"उघडू का म्हणून कोण विचारायला आलं होतं?" जावई म्हणाले.

"विचारलं. उघडलं नाही."

"विचारलं म्हणजे मनात होतंच."

मालकीणबाईंनी ट्रे मोजले. ती सगळी पिल्लं एका गिऱ्हाईकाला कबूल केलेली होती. "मावशी," त्या म्हणाल्या, "उद्या संध्याकाळपर्यंत खोली मोकळी करा."

"सासूला घेऊन कुठे जाऊ, बाई?"

"ते मी कसं सांगणार?"

दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञाला बोलावलं. कचऱ्याची गाडी आली नव्हती म्हणून न फोडलेल्या अंड्यांचे ट्रे पुन्हा यंत्रातच सरकवून ठेवले होते, वास बाहेर येऊ नये म्हणून दारही लावलेलं. आता रोगाची भीती कुणाला? त्याला तसाच आत सोडला. मित्रांनो, इतक्या भेटींमध्ये पहिल्यांदा तो भरल्या यंत्रासमोर उभा राहिला. त्यानं लॅपटॉप उघडला, माझं ते पान पाहिलं. त्यानं एक ट्रे बाहेर ओढला. सेन्सरचा आवाज थोडा वाढला. ट्रे आत सरकवला, आवाज पडला. मग त्यानं खूण केलेला चौकोन पाहिला. मला भिंतीवरून काढलं, लांब वायर जोडली आणि यंत्राच्या दाराशी नेऊन धरलं.

सेन्सर न पोचलेले आकडे काही दिवस स्वतःजवळ ठेवतो आणि तंत्रज्ञानं लॅपटॉपवरून मागितले तरच देतो. इतक्या जवळून मागितल्यावर त्यानं सगळे एकदम सांगून टाकले. साडेसदतीस. अडतीस. एकोणचाळीस. एक्केचाळीस. त्रेचाळीस, बराच वेळ त्रेचाळीस. हीटर बंद करणारा स्विच आतून चिकटला होता. मावशींना दार गरम लागलं त्या संध्याकाळी यंत्राची वीज क्षणभर जाऊन आली, त्या धक्क्यानं तो सुटला आणि आकडा हळूहळू पुन्हा साडेसदतीसवर आला. तोवर आतली बहुतेक पिल्लं शिजली होती.

जावई तंत्रज्ञाच्या खांद्यावरून बघत होते.

"हे आणखी कुठे दिसतं?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही. मी पाठवलं तर दिसेल."

"मग पाठवू नका."

"अहो, त्या मावशींना घालवताय ना तुम्ही?"

"तुम्ही किती वेळा येऊन गेलात इथे?" जावई हळू आवाजात म्हणाले. "दर वेळी काय लिहून दिलंत? आई तुमच्या साहेबांना विचारतील. मला तर विचारतीलच."

तंत्रज्ञानं लॅपटॉप पुन्हा पुढ्यात ओढला. मग त्यानं सेन्सर माझ्यापासून तोडला आणि नव्यानं जोडला. नव्यानं जोडलं की जुने आकडे पुसले जातात. चौकोनातली खूणही त्यानं काढली. सगळं काम त्यानं नीट, क्रमानं केलं.

मला काखेत धरून तो बाहेर आला तेव्हा मागच्या बोळात मावशी गाठोडी बांधून उभ्या होत्या. सासू एका स्टुलावर बसली होती.

"भाऊ, एक विचारू?" मावशी म्हणाल्या. "डबा बिघडला होता का हो?"

तंत्रज्ञानं मला दुसऱ्या काखेत घेतलं. "नाही मावशी. डबा ठीक आहे."

"मलाही वाटलंच. तो कशाला चुकीचं सांगेल." त्यांनी गाठोड्याची गाठ घट्ट केली. "मी दाराच्या कडीला हात लावला होता, किती गरम आहे बघायला. उघडली नाही, शपथेवर सांगते. तेवढ्यानं जात असेल का हो वाफ?"

"सांगता येत नाही," तंत्रज्ञ म्हणाला. आणि मग म्हणाला, "जात असेल थोडी."

मावशींनी मान डोलावली.

"काय म्हणतोय तो?" सासूनं विचारलं. तिला कमी ऐकू यायचं.

मावशी तिच्या कानाशी वाकल्या आणि सगळ्या बोळात ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "माझीच चूक होती म्हणतोय."

आता मी शेवटच्या यंत्रासमोरच टांगलेला असतो. मला सगळं नीट ऐकू येतं. आकडा हलतो, वर जातो, खाली येतो. मागच्या खोलीत नव्या बाई राहायला आल्या आहेत. पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं गेलं, की आधीची बाई दार उघडायची.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसा, आम्हाला उन्हात ठेवू नका, असलं काही मी मागणार नाही. धूळ मला चालते. चापटही चालते. मागणं एवढंच आहे, की जो बोललेला नाही त्याच्या तोंडी त्याचं कालचं बोलणं घालू नका. आकडा आला नसेल तर आला नाही असंच दिसू द्या, मग भोंगा कितीही वाजो. आणि बिघाड शोधायला याल तेव्हा यंत्र भरलेलं असताना या. रिकामं असताना आम्ही सगळेच ठीक असतो.